बिनपायरीचा पाहुणचार

शामराव बावनकर रेल्वेत गार्ड होते. अडतीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून त्यांनी गोंदिया, डोंगरगड, दुर्ग, रायपूर ही स्टेशनं मागे पडताना पाहिली आणि रिटायर झाल्यावर रायपूरच्या बुढापाऱ्यात, तलावापासून दोन गल्ल्या आत, बैठं घर बांधलं. माणूस बोलका. दूधवाल्याला थांबवून त्याच्या गावाची चौकशी करणारा. पण पाच वर्षांपूर्वी बायको गेली आणि त्यांचं बोलणं हळूहळू आटत गेलं. आधी गोष्टी संपल्या, मग प्रश्न संपले. शेवटी उरलं ते "हो", "नाही" आणि "ठेवून दे".

हे सगळ्यात जास्त जाणवलं ते सुनेला, पद्मिनीला. मुलगा गौतम नव्या रायपूरला मंत्रालयात अधिकारी. सकाळी साडेआठला जायचा तो संध्याकाळी सातला यायचा. नात राधिका कॉलेजात. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच निघायचं. दिवसभर घरात सासरा आणि सून, आणि मधे चहाचे दोन कप.

जानेवारीतल्या एका दुपारी पद्मिनी चहा घेऊन ओट्यावर आली, तर शामराव बोटं मोजत बसलेले. ओठ हलत होते.

"मामाजी, काय मोजून राहिले?"

"कोण कोण उरलं ते पाहून राहिलो."

"मंग? किती?"

"नऊ." त्यांनी कप हातात घेतला. बराच वेळ फुंकर घातली. मग अगदी साध्या आवाजात, गाडीची वेळ सांगावी तसं म्हणाले, "तेराव्याले येतीन सारे. पण तवा मी कुठी राहीन?"

पद्मिनी आपला कप घेऊन आत गेली आणि तिने तो न पिताच मोरीत ठेवला. गेल्या वर्षभरात सासऱ्यांच्या तोंडून एका वेळी एवढे शब्द निघाले नव्हते. आणि निघाले ते हे.

फेब्रुवारीच्या शेवटी शामरावांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. एक्क्याऐंशीव्या वर्षाचा सोहळा. गौतमने नव्या रायपूरला एक मोठा हॉल ठरवला होता. संध्याकाळचा कार्यक्रम, दोनशे माणसं, त्यातली दीडशे त्याच्या ऑफिसची. रात्री जेवताना पद्मिनीने विषय काढला.

"मामाजीचे ते नऊ जण बोलवायचे आहेत. तुमसर, गोंदिया, भंडारा, तिकडले."

गौतमचा घास थांबला. "काहून? सगळे पंच्याहत्तरच्या वर आहेत. त्याईले कोण आणणार, कोण सांभाळणार? व्हिडिओ कॉल लावून देऊ ना त्या वेळेस."

"व्हिडिओ कॉलवर कोणी जेवते का?"

"पद्मा, मले ते तुळशीरामकाकाचं पुन्हा नको."

तुळशीरामकाकांचं नाव या घरात पाच वर्षांत कोणी काढलं नव्हतं.

तुळशीराम म्हणजे शामरावांचे चुलतभाऊ. चुलत म्हणायचं नुसतं नावाला. तुमसरजवळच्या खेड्यात दोघं एका पाटावर जेवले, एका मारकुट्या मास्तरच्या हाताखाली शिकले, एकाच वर्षी लग्नं झाली. शामराव रेल्वेत गेले, तुळशीरामांनी गावात धानाची गिरणी टाकली. गौतमच्या आईच्या तेराव्याला तुळशीराम आले होते. पाहुण्यांची सोय जवळच्याच एका इमारतीत केली होती. जे आधी पोचले त्यांना खालच्या खोल्या मिळाल्या, आणि उशिरा आलेल्या तुळशीरामांना तिसरा मजला. पहाटे पाणी प्यायला ते खाली उतरत होते. पायरी दिसली नाही. खुब्याचं हाड मोडलं, तीन महिने अंथरुणात गेले. त्यांचा मुलगा धर्मपाल दवाखान्याच्या व्हरांड्यात गौतमला चार माणसांत बोलला, "माणूस बोलवता, पण ठेवता कुठी ते पाहत नाही." तेव्हापासून ना फोन, ना पत्र, ना लग्नाची पत्रिका. आणि शामरावांनी एका पंधरवड्यात बायकोही गमावली आणि भाऊही.

खोल्यांची ती यादी पद्मिनीने केली होती. हे तिच्याशिवाय कोणाला आठवत नव्हतं, पण तिला रोज आठवायचं.

"तुमचा संध्याकाळचा कार्यक्रम तुम्ही करा," ती म्हणाली. "सकाळची पूजा आणि दिवे घरी होतीन. ते नऊ जण माझे. त्याईचं सगळं मी पाहीन."

"एखादा पडला-झडला तर?"

"पडणार नाही."

गौतमने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. "तुझी जबाबदारी," एवढंच म्हणून तो हात धुवायला उठला.

पद्मिनीने पहिले तीन दिवस फोन केले ते सगळे वाया गेले. तिने मुलांना फोन लावले, कारण नंबर त्यांचेच होते. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, जसं काही आपसात ठरवलं होतं: "पाहू, वहिनी. वयाचं काही सांगता येत नाही." चौथ्या दिवशी गोंदियाला फोन लावला तर तो चुकून विमलाआत्यांनीच उचलला. विमलाआत्या म्हणजे शामरावांची धाकटी बहीण, शहात्तर वर्षांची. पद्मिनीच्या तोंडून "याल का" हा प्रश्न निघण्याआधी दुसराच निघाला.

"आत्या, तुम्ही पलंगावर झोपता का खाली?"

"खाली वं बाई. पलंगावर मले भेव लागते, रात्री कड पालटली का पडतो का काय असं वाटते. पण खाली गादी पातळ नको, कंबर धरते."

"आणि चहा?"

"बिनसाखरेचा. पण बशीत लागते मले, कपानं नाही जात. काहून विचारून राहिली?"

"तुमच्यासाठी खोली लावून राहिली मी."

मग विमलाआत्या म्हणाल्या, "खिडकी आहे का त्या खोलीले?"

पद्मिनीला तेव्हा कळलं. "याल का" असं विचारलं की म्हातारं माणूस आपल्या गुडघ्यांकडे पाहतं, मुलाच्या कपाळाकडे पाहतं आणि नाही म्हणतं. पण "कुठे झोपाल, काय खाल" असं विचारलं की ते मनाने त्या खोलीत जाऊन बसतं. मग तिने बाकीच्या सातही जणांना असेच फोन केले, आणि ज्यांच्याशी बोलायचं त्यांनाच फोन द्यायला लावला. भंडाऱ्याचे पांडुरंगमामा पहाटे चारला उठतात आणि अंघोळीला ऊन पाणी लागतं. सरलाकाकूंना डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्यांना उजव्या बाजूने हाक मारायची. एकाला दात नाहीत, भाकरी दुधात कुस्करून हवी. एकीला संडास उंच भांड्याचाच लागतो, बसलं की उठता येत नाही, पण हे ती आपल्या सुनेलाही सांगत नव्हती. पद्मिनीला मात्र सांगितलं, कारण पद्मिनीने न लाजता सरळ विचारलं होतं. राधिकाच्या जुन्या वहीत नऊ पानं तयार झाली. आठ भरलेली, एक कोरं.

कोऱ्या पानासाठी फोन करून भागणार नव्हतं. एका रविवारी ती राधिकाला घेऊन सकाळच्या गाडीने निघाली आणि तुमसर रोडला उतरून ऑटोने खेड्यात गेली.

दार धर्मपालने उघडलं. त्याने ओळखलं, पण "या" म्हटलं नाही. नुसता बाजूला झाला. आत पडवीत तुळशीराम खाटेवर बसले होते. पाय लांब केलेला, शेजारी काठी. पद्मिनीने डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला. राधिकानेही केला. धर्मपालच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि ती आत गेली.

पद्मिनीने गाडीत बसून काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. ते सगळं ती विसरली.

"काकाजी," ती म्हणाली, "सासूबाईच्या तेराव्याले खोल्याची यादी मी केली होती. जो पहिले आला त्याले खालची खोली, असं मी लिहिलं. कोणाचे पाय कसे आहेत ते मी पाहिलंच नाही. यांची चूक नव्हती, मामाजीची नव्हती. माझी होती. हे मले पाच वर्षं सांगायचं होतं."

धर्मपाल भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान खाली घातली.

तुळशीरामांनी लांब केलेला पाय हाताने चोळला. "पाय माझा घसरला, पोरी," ते म्हणाले. "त्याचा राग नाही मले. म्हातारं माणूस कुठीही पडते. मी या खाटेवर तीन महिने होतो. दाराकडे तोंड करून होतो. शाम्या एक दिवस आला नाही."

"त्याईले लाज वाटली, काकाजी. तुमच्यासमोर कोणत्या तोंडानं उभं राहू, म्हणत."

"माझ्यासमोर लाज?" तुळशीरामांनी काठी हातात घेऊन पुन्हा खाली ठेवली. "आम्ही नागडे पोहलो तळ्यात संगं. माझ्यासमोर लाज?"

राधिका आईकडे पाहत होती. तिला सगळं कळत होतं. अचानक तीच बोलली, आणि बोलली ती तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत. "आजोबा आता बोलतच नाही. घरी कुणाशीच नाही बोलत."

तुळशीरामांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "शाम्या बोलत नाही?"

"नाही."

त्यांना ते पटलं नसावं. त्यांनी धर्मपालकडे पाहिलं, मग पायाकडे, मग पद्मिनीकडे. "पायऱ्या किती आहेत तिथी?"

"एकही नाही. ओट्याची एक होती, तिथी उतार करून घेतो मी."

"बाबा, डॉक्टरनं प्रवासाचं काय सांगितलं ते माहीत आहे ना?" धर्मपाल म्हणाला.

"माहीत आहे," तुळशीराम म्हणाले आणि पद्मिनीला सांगितलं, "जेवून जा. बाकीचं पाहू."

धर्मपालच्या बायकोने वरण-भात आणि वांग्याची भाजी वाढली. परतीच्या गाडीत राधिकाने विचारलं, "आई, वो आएँगे क्या?" पद्मिनी म्हणाली, "माहीत नाही. पण त्याईची खोली लावायची."

तिथून पुढचे पंधरा दिवस बुढापाऱ्याच्या त्या गल्लीने पद्मिनीला बसलेलं पाहिलं नाही. ती घराघरात जाऊन खालच्या मजल्यावरच्या खोल्या मागत होती. मागण्याची पद्धतही ठरलेली: आधी न्हाणीघर बघायचं, मग खोली. समोरचे कृष्णा भैया शाळेत मास्तर, मूळचे महासमुंदकडचे. त्यांना तिने विचारलं, "भैया, आपका नीचे का कमरा तीन दिन के लिए चाहिए. बुजुर्ग लोग हैं." ते म्हणाले, "हव दीदी, ले लो. पूछना क्या है." आणि आपल्या हाताने तिथलं जुनं कपाट हलवून दोन अंथरुणांची जागा करून दिली. चार घरांत पाच खोल्या मिळाल्या, सगळ्या जमिनीला लागून. वेल्डिंगवाल्याकडून तिने संडासाच्या आणि न्हाणीच्या भिंतींना लोखंडी कठडे बसवून घेतले. घरच्या ओट्याला सिमेंटचा उतार करून घेतला आणि त्यावर पाय घसरू नये म्हणून ओल्या सिमेंटवर खराट्याने रेघा ओढल्या. पंडरीच्या कापडबाजारात जाऊन नऊ जाड सुती चादरी आणि तेवढ्याच गडद रंगांच्या सतरंज्या आणल्या. गडद अशासाठी, की फरशी कुठे संपते आणि अंथरूण कुठे सुरू होतं ते कमी दिसणाऱ्या डोळ्यांना कळावं.

आणि पोरं. नात्यातली आणि गल्लीतली मिळून नऊ पोरंपोरी तिने एका संध्याकाळी अंगणात बसवली आणि प्रत्येकाच्या हातात वहीतलं एकेक पान दिलं.

"हे तुमचे पाहुणे. गाडीतून उतरल्यापासून गाडीत बसेपर्यंत ते तुमचे. त्याईले काय लागते ते या पानावर आहे. ते मागतीन तेव्हा द्यायचं नाही, मागायच्या आधी द्यायचं. आणि त्याईच्यासंगं मराठी बोलायचं."

"काकी, हमको आती नहीं," पियुष म्हणाला. गौतमच्या मावसभावाचा मुलगा, त्याच्या हातात पांडुरंगमामांचं पान. पाठांतराला हुशार, पण मराठीत तोंड उघडलं की घाम फुटायचा त्याला.

"येईन. म्हण, 'मामाजी, पाणी ऊन झालं.'"

"मामाजी, पानी ऊन... झाली."

पोरं हसली. पद्मिनी हसली नाही. "चालते. चुकीचं बोललं तरी चालते, पण बोलायचं. त्याईले वाटलं पाहिजे का आपण आपल्याच घरी आलो."

राधिकाने आपल्यासाठी कोरं पान मागून घेतलं.

शामरावांना यातलं काही सांगितलं नव्हतं. ओट्याला उतार का केला, हेही त्यांनी विचारलं नाही. दोन दिवस आधी पद्मिनीने त्यांना म्हटलं, "मामाजी, परवा दुपारी स्टेशनवर चालायचं आहे. पाहुणे येऊन राहिले."

"कोण?"

"विमलाआत्या. पांडुरंगमामा. सरलाकाकू." ती एकेक नाव घेत गेली. आठ नावं झाली. शामराव ऐकत राहिले. नवव्या नावाची त्यांनी वाट पाहिली आणि ते आलं नाही, तेव्हा हळूच मान हलवून म्हणाले, "माझा कोट काढून ठेव."

गाडी दुपारी दोन वाजता, एक नंबरच्या फलाटावर. गौतमही आला होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, आणि तोंडावर अजून काळजी घेऊन. बाहेर वीस सीटची मिनीबस उभी केली होती. नऊ पोरं आपापलं पान खिशात घालून रांगेत उभी होती. सगळी मंडळी गोंदियाला एकत्र जमून एकाच डब्यात बसली होती.

गाडी थांबली आणि डब्याच्या दारात पहिल्या दिसल्या विमलाआत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दांडी धरलेली. त्यांचं पान ज्याच्याकडे होतं तो पोरगा पुढे झाला आणि त्याने हात दिला. मग पांडुरंगमामा, पियुषचा हात धरून. मग सरलाकाकू. त्यांचं पान असलेली पोरगी बरोबर उजव्या बाजूने गेली आणि म्हणाली, "काकू, या." एकामागून एक आठही जण उतरले. बहीण भावाच्या गळ्यात पडली. फलाटावर जुनी नावं ऐकू येऊ लागली. शाम्या, विमे, पांड्या. चाळीस-पन्नास वर्षांत कोणी न मारलेल्या हाका.

राधिका मात्र आपल्या पानाची घडी हातात धरून तशीच उभी होती. पद्मिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

शामराव सगळ्यांना भेटले. आणि मग, अडतीस वर्षांची सवय म्हणा, गाडी सुटायच्या आधी त्यांनी शेवटच्या डब्याकडे नजर टाकली. गार्डच्या डब्याला लागून अपंगांचा डबा असतो. त्याच्या दारातून एक माणूस खाली वाकून धर्मपालच्या खांद्यावर हात टाकत होता. आधी काठी फलाटाला लागली, मग एक पाय, मग दुसरा. पाय मोडल्यावर काढलेलं सर्टिफिकेट पहिल्यांदाच कामी आलं होतं. तुमसर रोडपासून ते त्याच गाडीत होते आणि गोंदियाला चढलेल्या मंडळींना त्याचा पत्ता नव्हता.

शामराव तिकडे निघाले. फलाट लांब होता. पद्मिनी मागे जायला लागली तर गौतमने तिचा हात धरला. "जाऊ दे त्याईले," तो म्हणाला.

पण राधिका थांबली नाही. ती पळत गेली, म्हणून पुढचं बोलणं तिने ऐकलं आणि नंतर घरी सगळ्यांना सांगितलं. दोघं म्हातारे हातभर अंतरावर उभे राहिले. तुळशीरामांनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं.

"किती वाळला बे तू, शाम्या."

"तू येशील असं नव्हतं वाटलं," शामराव म्हणाले.

"मलेही नव्हतं वाटलं. आता उभा काहून करून ठेवला? कुठी बसव मले."

शामरावांनी त्यांची काठी आपल्या हातात घेतली आणि तिच्या जागी आपला खांदा दिला. संपूर्ण फलाट दोघं तसे चालत आले, आणि या वेळात शामराव बोलत होते. काय बोलत होते ते राधिकाला नीट कळलं नाही, तळ्याचं काहीतरी, मास्तरचं काहीतरी. पण ते थांबत नव्हते. तुळशीराम मधूनमधून "हो" म्हणत होते.

पद्मिनीने पदराने डोळे पुसले आणि धर्मपालकडे वळली. त्याने आज पहिल्यांदा तिला नीट "वहिनी" म्हटलं. "वहिनी, ऐकलंच नाही बाबानं. काल सकाळीच बॅग भरून बसले."

स्टेशनबाहेर आल्यावर मात्र गाडं अडलं. पद्मिनीने घरातली एकूणएक पायरी मोजली होती, पण मिनीबसची मोजायची राहिली होती. पहिलीच पायरी जमिनीपासून गुडघाभर उंच. विमलाआत्यांनी एक पाय वर टाकला आणि तशाच लोंबकळत राहिल्या. त्यांचा पोरगा खालून आधार देत होता, ड्रायव्हर वरून ओढत होता. "सोडा मले," आत्या म्हणाल्या, "नाही तर येथीच वर जाईन मी." मागे तुळशीराम काठी टेकून त्या पायरीकडे पाहत होते आणि धर्मपालचा चेहरा पुन्हा पाच वर्षांपूर्वीसारखा व्हायला लागला होता.

पद्मिनीने इकडेतिकडे पाहिलं. समोर रस्त्यावर ई-रिक्षांची रांग उभी होती. जमिनीपासून वीतभर उंचीवर पाय ठेवायची फळी, दोन्ही बाजूंनी उघड्या. तिने हात वर केला.

"भैया, बुढापारा. पाँच गाड़ी चाहिए. धीरे चलना है."

पाच रिक्षा वळून आल्या. नऊच्या नऊ जण कोणाच्याही हातांना लोंबकळल्याशिवाय, घरच्या पाटावर बसावं तसे बसले. शेजारी त्यांची पोरं. पहिल्या रिक्षात शामराव आणि तुळशीराम. सामान मिनीबसमध्ये एकटंच गेलं. गौतम ऑफिसच्या गाडीकडे निघाला होता, तेवढ्यात विमलाआत्यांनी हाक मारली, "ये गोत्या, कुठी जाते? बस माझ्याजवळ." मंत्रालयातला अधिकारी सूट घालून ई-रिक्षाच्या उलट्या सीटवर बसला, गुडघे हनुवटीला लागलेले.

पाच रिक्षांची ती वरात भरदुपारी शहरातून निघाली. मागच्या स्कूटरवाल्यांनी आधी हॉर्न वाजवले. मग आत कोण बसलंय ते पाहिलं आणि वाजवणं बंद केलं. बुढा तालाब दिसल्यावर पांडुरंगमामांनी हात जोडले, कोणता देव आहे हे न विचारता. गल्लीच्या तोंडाशी कृष्णा भैया आणि चार घरांतली माणसं वाट पाहत उभी होती. तुळशीराम रिक्षातून उतरले, ओट्यासमोर आले आणि थबकले. काठीने त्यांनी त्या सिमेंटच्या उतारावरच्या रेघा चाचपल्या. मग कोणाचा हात न धरता वर गेले.

आत पाऊल टाकल्यावर त्यांनी मागे वळून पद्मिनीला विचारलं, "माझी खोली कोणती?" राधिका पुढे झाली. "चला आजोबा, मी दाखवते." वाक्य पूर्ण मराठीत होतं. तिच्या स्वतःच्याही ते नंतरच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. एक्क्याऐंशी दिवे लागले. ओवाळायला बसलेल्या पाच जणी सगळ्या सत्तरीपुढच्या होत्या, त्यामुळे ताम्हण हलकं घेतलं होतं आणि त्यांना उभं न करता खुर्च्यांवर बसवलं होतं. पद्मिनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. पियुष धावत येऊन म्हणाला, "काकी, पांडुरंगमामा पहाटे चारला उठले, मी साडेतीनला पाणी ऊन केलं." त्याच्या डोळ्यांत झोप होती आणि छाती फुगलेली. जेवताना शामरावांनी तीन गोष्टी सांगितल्या. चौथी सांगायला लागले तर तुळशीराम म्हणाले, "ही तू खोटी सांगून राहिला," आणि खरी स्वतः सांगितली. दोघांचं त्यावरून भांडण झालं. घरात इतका गलका होता, की शेजारच्या खोलीत मोबाइल वाजलेला कोणाला ऐकू आला नाही.

संध्याकाळी गौतमने पाचही रिक्षावाल्यांना नव्या रायपूरला जायला विचारलं. ते म्हणाले, एवढ्या दूर बॅटरी टिकत नाही. मग त्याने ऑफिसातल्या मित्रांच्या बुटक्या मोटारी मागवल्या, पाच, आणि प्रत्येकीच्या सीटची उंची स्वतः जाऊन बघून आला. पद्मिनीने त्याला वाकून सीटवर बसून-उठून बघताना पाहिलं.

रुंद, मोकळ्या रस्त्यांवरून जाताना सरलाकाकू म्हणाल्या, "माणसं कुठी आहेत जी इथली?" हॉल मोठा होता, दिवे झगमगत होते, आणि सुरुवातीला आधी आलेले ऑफिसवाले हातात पाण्याचे ग्लास घेऊन भिंतींशी उभे होते, कोणाशी काय बोलावं ते न कळून. गौतमने नऊ जणांसाठी अगदी पुढे सोफे लावले होते. ते तिथे दहा मिनिटं बसले. मग विमलाआत्या उठल्या. दाराशी कुंकवाची कोयरी आणि फुलांचं ताट ठेवलं होतं, पण त्यामागे कोणी उभं नव्हतं. त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला कुंकू लावू लागल्या. "ये वं बाई. कुठून आली? दमली असशील. बस तिथी." भाषा कळो न कळो, बायका वाकून नमस्कार करत होत्या. पाहता पाहता सरलाकाकू त्यांच्या शेजारी गेल्या. पांडुरंगमामा पुरुषांना हात जोडून आत नेऊ लागले. गौतमचे साहेब आले, त्यांना तुळशीरामांनी काठीनेच खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "बसा जी. पहिले पाणी घ्या."

साहेब बसले. पाणी घेतलं. मग गौतमला विचारलं, "ये सब आपके घर के हैं?"

"जी सर," गौतम म्हणाला. "घर के ही हैं."

आणि त्याने एकेकाची ओळख करून दिली. नाव, नातं, गाव. कोणाचंही नाव अडलं नाही. पद्मिनी लांबून ऐकत होती.

तीन दिवसांचा बेत होता, पाच दिवस झाले. सहाव्या दिवशी परतीची गाडी. फलाटावर नऊ पोरं आली होती आणि सगळीच रडवेली होती, पण तसं दाखवत नव्हती. सामान चढलं, माणसं चढली. तेव्हा पद्मिनीच्या लक्षात आलं की शामरावांच्या हातातही एक पिशवी आहे.

"मामाजी, हे काय?"

"मी जाऊन येतो," शामराव म्हणाले. "तुळश्याची गिरणी पाहून येतो. विमलाकडे दोन दिवस थांबीन. होळीपर्यंत येईन. तिकीट राधिकानं काढून देल्लं."

राधिका दुसरीकडे पाहू लागली.

"औषधं घेतली?"

"घेतली. तू काळजी नको करजो. तुळश्या आहे."

गाडी सुटली. अपंगांच्या डब्याच्या दारात दोघं म्हातारे उभे होते, आणि गाडी फलाट सोडेपर्यंत शामरावांचं बोलणं सुरूच होतं.

घरी आल्यावर पद्मिनीने चप्पल काढली, सहा दिवसांत पहिल्यांदा पंखा लावला आणि भर दुपारी अंथरुणावर आडवी झाली. गौतमने राधिकाला सांगून ठेवलं, की कोणी आलं तरी आईला उठवायचं नाही. चारच्या सुमाराला कृष्णा भैयांची बायको खोलीची किल्ली परत न्यायला आली, तर गौतमने ती दारातच दिली आणि तिला म्हटलं, "बैठिए दीदी. चाय मैं बनाता हूँ."